मुठीतली जागा

१

महिन्यातून एकदा मी मूनेरांच्या घरी जायचे. मेदेयिन शहराहून पहाटेची बस, गावात उतरल्यावर एक कप काळी कॉफी आणि मग दूधवाल्यांच्या जीपमधून एल सालित्रेच्या वाडीपर्यंत. दोन्ही अंगांना बटाट्याची शेतं, ओल्या गवतात उभ्या गायी, आणि दुपार कलली की खालच्या दरीतून चढत येणारं धुकं. जीपमधली माणसं मला ओळखायची. "डोक्याच्या डॉक्टरबाई आल्या," म्हणत सरकून जागा करून द्यायची. मी डॉक्टर नव्हे. स्मृतिभ्रंशावर जे संशोधन चाललं होतं त्यात काम करणारी मानसतज्ज्ञ. पण हे सांगून सांगून मी दमले होते आणि आता डॉक्टरबाई या हाकेला निमूट ओ देत होते.

आमच्याकडच्या डोंगरात काही घराण्यांत हा आजार रक्तातून उतरतो. म्हातारपणाची वाट तो पाहत नाही. चाळिशी ओलांडली की माणूस एक दिवस घरच्या फाटकापाशी उभा राहून कुठल्या घरात जायचं ते आठवत बसतो. गावात त्याला नुसतं 'खूळ' म्हणत. मूनेरांना खूळ लागतं, हे लोक मूनेरांचे डोळे घारे आहेत असं म्हणावं इतक्या सहज बोलून जात.

घरात चार भावंडं. थोरला आइकार्दो, ज्याने उभं आयुष्य दुधाची जीप चालवली. त्याच्या पाठची रुबिएला, पंचक्रोशीतले नवरीचे झगे शिवणारी. तिसरी नोएमी, वाडीच्या शाळेतली शिक्षिका. तिघंही आता अंथरुणाला खिळलेली, बोलणं जवळजवळ थांबलेलं. आणि चौथी इदाल्बा, वय सेहेचाळीस, धडधाकट, तिघांचं सगळं करणारी. लग्न का नाही केलंस म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिघांना सांभाळतेय की. चौथा कशाला पाहिजे?"

माझं काम सोपं होतं. पूर्वी मी या तिघांना प्रश्न विचारायचे, चित्रं दाखवायचे. ते दिवस गेले. आता फक्त तान्ह्या बाळाची तपासावीत तशी त्यांची अंगं तपासायची. बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ आवळतं, गालाला बोट लागलं की तिकडे तोंड वळवतं. ते कोणी शिकवावं लागत नाही. मेंदू मोठा होतो तशा या सवयी झाकल्या जातात. झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत. आजाराने वरचं झाकण उचललं की खालून त्या जशाच्या तशा पुन्हा वर येतात.

माझा क्रम ठरलेला होता. आधी दोन भुवयांच्या मध्ये बोटाने हलक्या टिचक्या. निरोगी माणूस थोडा वेळ डोळे मिचकावतो आणि मग त्याला सवय होते, पापण्या थांबतात. या तिघांच्या थांबत नसत. मग वरच्या ओठावर हलकेच बोट, ओठांचा चंबू होतो का ते पाहायला. मग गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. शेवटी तळहात. एकदा मूठ आवळली गेली की ती ओढून सोडवायची नाही, जास्तच घट्ट होते. हाताच्या पाठीवरून सावकाश बोट फिरवायचं, आपोआप सुटते.

इदाल्बा दारात उभी राहून हे बघायची आणि चिडवायची. "एवढं शिकून लोकांच्या कपाळावर टिचक्या मारता होय? आमच्या शाळेत यासाठी छडी मिळायची." मग चुलीवरचं गुळाचं गरम पाणी आणि चीज घालून भाजलेली मक्याची भाकरी आणून द्यायची. हे घर मला आवडायचं. जाड मातीच्या भिंती, पुढे लांब व्हरांडा, त्यावर उघडणारी ओळीने तीन दारं, निळ्या रंगाने रंगवलेली, आणि टोकाला स्वयंपाकघर.

२

ऑक्टोबरातली गोष्ट. दिवसभर भुरभुर चालली होती. आइकार्दोला तपासून मी रुबिएलाच्या खोलीत आले. माझी बोटं गार पडली होती, आणि गार बोट लागलं की माणूस दचकतो, दचकण्याने तपासणी बिघडते. म्हणून मी पलंगाशेजारी उभी राहून हात काखेत धरून ऊब आणत होते. रुबिएला उताणी पडली होती, डोळे मिटलेले. तिचा उजवा हात लाल घोंगडीवर उघडा पडला होता, तळवा वर.

मी बघत असताना तो हात मिटला.

झोपेत हात हलतो तसा तो हलला नव्हता. तसं मी हजारदा पाहिलं आहे. हा मिटला तो माझ्या बोटावर मिटतो तसाच: आधी करंगळी, मग बाकीची बोटं तिच्यामागून, मग अंगठा वरून येऊन कुलूप लावल्यासारखा. मी अजून हात लावलेला नव्हता. माझे दोन्ही हात काखेतच होते.

मी वाकून पाहिलं. मूठ पुरती मिटली नव्हती. बोटं तळव्यापर्यंत पोचलीच नव्हती. मध्ये जागा राहिली होती, एखाद्या दांडीभोवती हात धरावा तशी. आणि त्या जागेभोवती तिची बोटं इतक्या जोराने आवळली होती की पेरं पांढरी पडली होती. रिकामी मूठ तुम्ही स्वतः आवळून बघा. बोटं तळव्यात रुततात. ती मध्येच हवेत थांबून पांढरी पडत नाहीत.

मी नेहमीसारखं तिच्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं. मूठ सुटली. तळव्यावर काही नव्हतं. ओरखडाही नव्हता.

"झालं का डॉक्टरबाई?" इदाल्बाने स्वयंपाकघरातून विचारलं. मी झालं म्हणाले. कपाळ, ओठ आणि गाल तपासायचे राहिलेच.

३

परतीच्या बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत बसले. दोन रात्रींची अपुरी झोप. खोलीत उजेड कमी. मी आले हे रुबिएलाला पावलांवरून कळलं असेल, आणि इतक्या महिन्यांच्या तपासण्यांनी तिच्या हाताला सवय लागली असेल. ताटाचा आवाज झाला की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तसंच. हे कारण मला पसंत पडलं. त्यात मुठीतल्या जागेचं काही बसत नव्हतं, पण ते मी बाजूला ठेवलं.

आमच्या विभागाचे प्रमुख साल्दारियागा सर म्हणजे शंका घेणारा माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले आणि म्हणाले की स्नायू आखडायला लागले की बोटं अर्ध्यावर थांबतात, यात नवल काय. मग चष्मा लावून म्हणाले, "लिबिया, तू त्या घरात फार वर्षं जाते आहेस. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला पाठवू." मला राग आला. मी म्हणाले की पुढच्या खेपेला फोनवर चित्रीकरण करून आणते.

नोव्हेंबरात मी तसं केलं. खिडकीच्या कट्ट्यावर फोन टेकवला, रुबिएलाच्या पलंगावर रोखला आणि मी मुद्दाम भिंतीला पाठ लावून लांब उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं. मला माझंच हसू यायला लागलं होतं.

मग रुबिएलाच्या मिटलेल्या पापण्या आवळल्या गेल्या. सुटल्या. पुन्हा आवळल्या. एका लयीत, जराही न चुकता. ती लय मी ओळखली. त्याच लयीत मी टिचक्या मारते. दोन टिचक्यांच्या मध्ये जेवढा वेळ जायला हवा तेवढाच जात होता.

ते थांबलं. मग तिच्या ओठांचा चंबू झाला. मग तिने मान वळवली, तोंड किंचित उघडून, भिंतीकडे. मी तिच्या दुसऱ्या अंगाला उभी होते. त्या बाजूला पलंग आणि भिंत यांच्यात कोणी उभं राहील इतकी जागा होती. पूर्वी पलंग भिंतीला टेकलेला असायचा.

मी फोन उचलून बाहेर आले आणि इदाल्बाला विचारलं, पलंग कोणी सरकवला. ती व्हरांड्यात बसून शेंगांतून राजमा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच. भिंतीला असला की अडचण होते."

"कोणाला?"

"झाडायला," ती म्हणाली.

सरांनी ते चित्रीकरण दोनदा पाहिलं. त्यात एक आजारी बाई डोळे मिचकावते, ओठ काढते आणि मान वळवते. बाकी त्यात काहीच नाही. सर म्हणाले, "आपोआपही होतं असं. मेंदू खचला की तो स्वतःलाच टोचत बसतो." मला ते पटलं. रात्री पुन्हा पटेनासं झालं.

४

डिसेंबरात मी एक साधी गोष्ट करायची ठरवली. तिन्ही खोल्यांची दारं व्हरांड्यावर उघडतात. दारं सताड उघडी टाकून समोरच्या कठड्याजवळचं बाक जरा मागे ओढलं तर तिथून तिन्ही पलंग दिसतात. मेंदू जर स्वतःच स्वतःला टोचत असेल तर तिघांचे मेंदू वेगवेगळ्या वेळी टोचतील, वाटेल तसे. तिथे बसून बघायचं, एवढंच.

धुकं अंगणापर्यंत आलं होतं. इदाल्बाही हातातलं काम ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. मी काय करते आहे ते तिने विचारलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दूर कुठे तरी रेडिओवर जपमाळेची प्रार्थना चालली होती.

पहिल्या दारातून आइकार्दो दिसत होता. त्याच्या पापण्या हलायला लागल्या. मग ओठ. मग त्याने मान वळवली. मग त्याचा हात चादरीवर मिटला आणि बऱ्याच वेळाने, हळूहळू, सुटला. मी म्हणाले, ठीक आहे.

मग रुबिएला. पापण्या, ओठ, गाल, हात.

मी नोएमीच्या दाराकडे पाहायला लागले. माझ्या मनात आलं की आता जर काही झालं नाही तर मी या घरात मोठ्याने हसेन आणि इदाल्बाला मिठी मारेन. नोएमी स्वस्थ पडली होती. रुबिएलाच्या खोलीतून नोएमीच्या खोलीत जायला व्हरांड्यातून यावं लागतं, मधलं दार नाही. जेवढा वेळ एखाद्याला बाहेर येऊन, आमच्यासमोरून जाऊन, आत शिरायला लागेल तेवढा वेळ गेला. व्हरांड्यातल्या फरशीवर काही वाजलं नाही. कुंडीतल्या बेगोनियाचं एक पान हललं, पण पानं हलतातच.

मग नोएमीच्या पापण्या आवळल्या गेल्या.

मी इदाल्बाकडे वळले. ती त्या पलंगाकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही तरी होतं.

"दिसलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच दिसतंय. मलाच दिसतंय म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

मग तिने सांगितलं. जूनपासून हे चाललं होतं. आधी महिन्यातून एखाद्या वेळी, मग आठवड्यातून, आता रोज. कधी सकाळी अंघोळी घालताना, कधी दुपारी. पहिल्यांदा तिला वाटलं की मीच न सांगता आले आहे, कारण लांबून पाहिलं तर सगळं माझ्याच क्रमाने चाललं होतं. म्हणून ती कॉफी टाकायला गेली आणि कप घेऊन आली तर कोणी नव्हतं. तिने पाद्रीबाबांना सांगितलं नाही, कारण ते सगळ्या गावाला सांगतील. घरात पवित्र पाणी शिंपडलं. पलंग भिंतीला लागून असले की तिघंही रात्रभर कण्हत राहायची, म्हणून ते पुढे ओढले. त्यांना त्याचा त्रास होत नाही, ती म्हणाली. उलट नंतर शांत झोपतात. रुबिएला तर एकदा हसली.

"मग घाबरायचं कशाला, असं मी मनाला सांगते," इदाल्बा म्हणाली. "पण डॉक्टरबाई, तुम्ही तपासता ते कळायला, की माणूस किती गेलाय आणि किती उरलाय. हो ना?"

मी हो म्हणाले.

"मग हे कशासाठी तपासतंय?"

नोएमीचा हात सुटला. आम्ही दोघी बाकावर तशाच बसून राहिलो, आणि मला जाणवलं की आम्ही दोघी आता कोणाची पाळी येते याची वाट बघतोय. मी उठले आणि उगाचच अंगणात फेऱ्या मारू लागले. त्या दिवशी मी लवकरची जीप पकडली.

५

आजार तिच्यातही उतरला आहे का ते पाहायला इदाल्बाच्या रक्ताची तपासणी दोन वर्षांपूर्वीच झाली होती. संशोधनाचा नियम असा की निकाल बंद राहतो. तिला कळत नाही, मलाही कळत नाही. तो कळावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. जानेवारीत मी गेले तेव्हा ती पहिल्यांदाच त्याबद्दल बोलली. म्हणाली, परवा ती दुधाची किटली घेऊन गोठ्यात गेली आणि तिथे उभी राहून किटलीकडे बघत राहिली. हे काय आहे ते कळत होतं, पण त्याला काय म्हणतात ते आठवेना. मी म्हणाले, दमली आहेस. ती दमलेली होतीच. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हणाले, तू जरा बस, आजचं दुपारचं मी बघते.

ती व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. मी तिघांना सूप भरवलं, तोंडं पुसली, आणि भांडी घेऊन बाहेर आले तेव्हा इदाल्बाला डुलकी लागली होती. मान मागे टेकलेली, हात मांडीवर उघडे, चेहरा उन्हात. मी समोर कठड्याला टेकून उभी राहिले. तिला उठवावंसं वाटेना.

तिच्या पापण्या आवळल्या गेल्या.

मला आधी वाटलं ऊन लागतंय. मी थोडी सरकून तिच्या चेहऱ्यावर माझी सावली पाडली. पापण्या आवळत राहिल्या आणि सुटत राहिल्या, त्याच लयीत. आता थांबतील, मी मनात म्हणत होते. निरोगी माणसाच्या थांबतात. इदाल्बा, थांबव. इतकं कळकळून मी आयुष्यात फार थोड्या वेळा काही मागितलं असेल. त्या थांबल्या नाहीत. मग लय आपणहूनच तुटली, टिचक्या मारणाऱ्याला जे हवं होतं ते मिळाल्यासारखी.

तिचा वरचा ओठ दबला आणि ओठांचा चंबू झाला.

आणि मग मी ते पाहिलं. भर दिवसा, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिच्या उजव्या गालावर, हाडाच्या किंचित खाली, एक खळी पडली. बोटाच्या टोकाएवढी. कडेची त्वचा तिथे पांढरट झाली होती, दाबल्यावर होते तशी. ती खळी गालावरून खाली सरकायला लागली. सावकाश, सारख्या दाबाने, ओठाच्या कोपऱ्याकडे. तिच्या मागे त्वचा पुन्हा वर येत होती आणि रंग भरत होता. असं बोट सरकवायला मला शिकायला वर्ष लागलं होतं. इदाल्बाची मान तिकडे वळली. तोंड किंचित उघडलं.

मग मांडीवरचा तिचा हात मिटला. करंगळी, बाकीची बोटं, अंगठा. मध्ये जागा ठेवून.

मी भांडी खाली टाकली आणि तो हात धरला. काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. तिच्या मुठीत त्या जागेत मी माझं बोट घुसवलं. वरून ती जागा मोकळी दिसत होती. पण माझ्या बोटाला ती मोकळी नव्हती. आत काही तरी होतं, ऊबदार, कोरडं, आणि त्यात ठोका होता. तो इदाल्बाचा ठोका नव्हता, तिचं मनगट माझ्या दुसऱ्या हातात होतं आणि तिथे नाडी संथ चालली होती. माझा तर नव्हताच. माझी छाती नुसती धडधडत होती. हा तिसरा होता.

ते मागे हटलं नाही. मला ढकललंही नाही. थांबून राहिलं, तपासणीत मध्येच कोणी नातेवाईक आला तर आपण थांबतो तसं. मग इदाल्बाच्या हाताच्या पाठीवर मनगटापासून पेरांपर्यंत त्वचा हलकेच दबत गेली आणि तिची मूठ सुटली. माझं बोट तिच्या रिकाम्या तळव्यावर राहिलं.

इदाल्बाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि झोपाळलेलं हसू हसली.

"तपासलंत होय मला? बरं झालं. सांगा आता, काय निघालं?"

मी म्हणाले की मी तपासलं नाही, हात आपणहून मिटला होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग तिने खुर्चीत सरळ बसून दोन्ही हात माझ्यापुढे केले, तळवे वर, आणि म्हणाली, "मग आता तुम्ही तपासा. तुमच्या हाताने."

नको म्हणणं शक्य नव्हतं. मी तिच्या भुवयांच्या मध्ये टिचक्या मारल्या; थोडं मिचकावून तिच्या पापण्या स्थिर झाल्या. ओठाला बोट लावलं, काही नाही. गालावरून बोट फिरवलं, तिची मान हलली नाही. शेवटी तळहातावरून बोट ओढलं. हात उघडाच राहिला. मी दुसऱ्या हाताला केलं, तोही उघडाच राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलं की काही नाहीये, इदाल्बा, सगळं ठीक आहे, हात उघडा आहे.

तिने आपल्या तळव्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मग मघाशी का मिटला?" ती म्हणाली.

६

फेब्रुवारीत इदाल्बाने एल सालित्रेचं घर बंद केलं आणि तिघांना घेऊन गावात भाड्याच्या जागेत आली. गाई शेजाऱ्याला विकल्या. पाद्रीबाबांना वाटलं दवाखाना जवळ पडावा म्हणून, आणि तिनेही तेच कारण सगळ्यांना सांगितलं. पावसाच्या आधीच आइकार्दोला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. मी अंत्ययात्रेला गेले होते. दूधवाल्यांनी आपल्या जीप एकामागून एक उभ्या करून भोंगे वाजवले. रुबिएला आणि नोएमी एका खोलीत होत्या, स्वच्छ, केस विंचरलेल्या.

साल्दारियागा सरांनी मला बदली दिली. मी मागितली असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि मी ते नाकारलं नाही. आता मी मेदेयिनमध्येच बसते. लोकांना प्रश्न विचारते, चित्रं दाखवते. कोणाच्या अंगाला हात लावावा लागत नाही.

बदलीआधी मी शेवटची इदाल्बाला भेटायला गेले. माझी आई कशी आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं. कॉफी झाल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं. माणूस दमला की असंही होतं. मी विचारलं, इथेही येतं का? ती म्हणाली, पहिल्या आठवड्यातच आलं. पण आता तिने उपाय केलाय. तिने मला खोलीत नेलं. दोघी बहिणींच्या चारही हातांत दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंड्या होत्या, मऊ फडक्यात गुंडाळून दोऱ्याने शिवलेल्या. रुबिएलाच्याच पेटीतला दोरा. हात आखडलेल्या रोग्यांना असं काही तरी द्यायला आम्हीही सांगतो.

"हातात आधीच काही असलं की तळव्याला बोट कुठे लावणार?" इदाल्बा म्हणाली. "येतं, कपाळावर मारतं, हातापाशी थांबतं, आणि जातं. मी पण घेऊन झोपते."

मी निघाले तेव्हा तिने पेरूच्या वड्या कागदात बांधून दिल्या, आणि त्यांच्याबरोबर फडक्यात शिवलेल्या दोन बुरकुंड्या. मला वाटलं चुकून आल्या. मी परत द्यायला लागले तर तिने माझे हात बाजूला केले.

"तुमच्यासाठीच आहेत. त्या घरात शेवटच्या दिवशी, तुम्ही आवरायला मदत करायला आला होतात, तेव्हा दुपारी बाकावर तुमचा डोळा लागला. मी मुद्दाम उठवलं नाही. तुमच्या चेहऱ्यावर इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती."

मी म्हणाले की आमच्या घराण्यात कोणालाच खूळ नाही. माझी आजी नव्वदीत गेली, तिला सगळ्या पतवंडांचे वाढदिवस पाठ होते. इदाल्बाने मान डोलावली, आपण आजाऱ्याच्या बोलण्यावर डोलावतो तशी.

"माप बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमच्या मुठीत जेवढी जागा राहिली होती, तेवढंच घेतलंय."

मेदेयिनला आल्यावर मी त्या कपाटात टाकून दिल्या. पण पहिल्याच आठवड्यात बाहेर काढल्या. तेव्हापासून रोज झोपताना दोन्ही हातांत एकेक धरते, इतकी घट्ट की बोटं दुखतात. सकाळी जाग येते तेव्हा माझे हात चादरीवर उघडे असतात, तळवे वर. बुरकुंड्या खाली पडलेल्या नसतात. त्या उशाशेजारच्या टेबलावर असतात, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या.